माळवदावरची टिटवी

गिरजाक्काच्या तोंडून मी ऐकलेले पहिले शब्द म्हणजे, ‘पाय उचलू नको.’ लग्न होऊन गावात येऊन मला जेमतेम आठवडा झाला असेल. धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन मी एकटीच गंगेकडे निघाले होते. गंगाखेडच्या त्या सगळ्या पट्ट्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. वैशाखाचं ऊन, नदी आटून पलीकडच्या काठाला लागलेली आणि मधे गोट्यांचं, वाळूचं लांबच लांब वाळवंट. एक पाखरू डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालत होतं आणि मी आपली नव्या नवरीसारखी मान खाली घालून चालले होते. तेवढ्यात मागून तो आवाज आला. मी एक पाय तसाच ठेवून थबकले. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, हातात काठी अशी एक उंच, हाडकुळी बाई आली आणि तिनं काठीच्या टोकानं माझ्या टाचेजवळची जागा दाखवली. मला नुसते गोटे दिसले. ‘नीट बघ,’ ती म्हणाली. मग कुठे त्यातले चार गोटे अंडी आहेत हे मला कळलं.

“नवी हायेस म्हणून सांगायलेय,” ती म्हणाली. “हितं पाय टाकायच्या आधी जागा बघायची. आपल्याला दिसत न्हाई म्हणून तिथं कुणी राहत न्हाई, असं नसतंय.”

मला राग आला होता, हे खरं. सासरी आल्या आल्या बोलून घ्यायचा मान सासूचा. ही कोण मधेच? घरी येऊन विचारलं तर कळलं, की ती आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिचं माळवद आणि आमचं माळवद एकमेकाला चिकटलेलं, मधे फक्त हातभर उंचीचा कठडा. आमच्या भागात घरांची छपरं अशी सपाट, पांढऱ्या मातीची असतात. उन्हाळ्यात तिथे वाळवणं घालायची आणि शेजारणीशी भांडायचंही तिथूनच. पुढे मी अक्काशी भरपूर भांडले, आणि माझ्या आईनंतर मला कुणी शिकवलं असेल तर तिनंच.

अक्का एकटी होती. तरुण असताना एका भादव्यात गंगा गावात घुसली, तेव्हा तिचा नवरा आणि लहान मुलगा दोघंही वाहून गेले. वर चढायला उशीर झाला, एवढंच ती सांगायची. त्याच्या पुढे बोलायची नाही. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात टिटवीनं अंडी नेहमीसारखी वाळवंटात न घालता पार वर, काठाच्या कडेला घातली होती, हे तिला मागाहून आठवलं. म्हाताऱ्या माणसांना ती खूण ठाऊक होती: टिटवी खाली वाळवंटात बसली तर पाऊस बेताचा, काठावर बसली तर बरा, आणि काठ सोडून वर गेली तर पूर. ठाऊक सगळ्यांना होतं, बघायला कुणी गेलं नव्हतं. तेव्हापासून दर वैशाखात अक्का सकाळीच काठी घेऊन निघायची आणि अंडी शोधत फिरायची. पेरणीच्या आधी पाटील स्वतः तिला पारावर बोलवायचे. ती यायची, पदर सावरून बसायची, सगळे गप्प झाल्याशिवाय तोंड उघडायची नाही. मानपान तिला लागायचा, त्यात ती जराही कमी पडू द्यायची नाही.

टिटवीविषयी ती जे सांगायची ते मात्र ऐकत राहावंसं वाटायचं. “हिला घर न्हाई, नुसती जागा हाय,” ती म्हणायची. काडी नाही, गवत नाही. छातीनं माती जराशी उकरायची, भोवती खडे आणि शेळीच्या लेंड्या मांडायच्या की झालं घरटं. चार अंडी, चारही टोकं आत. नर-मादी पाळीनं बसणार. दुपारी ऊन डोक्यावर आलं की एक जण पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतो. मी हे खोटं समजत होते, म्हणून अक्कानं मला एका झुडपाआड बसवून दाखवलं. पिवळ्या काटकुळ्या पायांवर तुरुतुरु धावत टिटवी पाण्यात गेली, पोट बुडवलं, आणि सरळ न येता लांबून वळसा घालून, इकडे तिकडे दाणे टिपल्याचं सोंग करत परत आली. घरट्याकडे ती कधी सरळ जात नाही. कुत्रं आलं तर पंख मोडल्यागत लंगडत त्याला भलतीकडे नेते. गाय आली तर मात्र पळत नाही, अंड्यांपुढे पंख पसरून तिच्या तोंडावर ओरडत उभी राहते. गाय बिचारी वाट बदलते. हे सांगताना अक्काच्या चेहऱ्यावर अशी ऐट यायची, की गाय तिनंच परतवली असावी.

गावाला या पाखराची धास्ती होती. तिन्हीसांजेला टिटवी घरावरून ओरडत गेली की बायका थुंकायच्या, म्हातारे महादेवाचं नाव घ्यायचे. कुणाची तरी वेळ भरली, असं समजायचे. अक्का चिडायची. “तुमचं मरण सांगत फिरायला ती रिकामी हाय व्हय? कुणीतरी तिच्या पोरांकडं यायलंय, ते ती सांगायलीय.”

सगळ्यांत जास्त घाबरायचा तो आमच्या गल्लीच्या टोकाचा चांदभाई पिंजारी. बायको गेलेली, मुली उजवलेल्या, दिवसभर धुनकी वाजवत कापूस पिंजत बसायचा. साऱ्या गावाच्या गाद्या आणि दुलया त्याच्या हातच्या. अक्काचं आणि त्याचं रोजचं भांडण ठरलेलं. तो म्हणायचा, “अक्का, ते मनहूस पाखरू तुमच्या मागं मागं हितवर येतंय, कुणाला तरी घेऊन जाईल बघा.” ती म्हणायची, “दिवसभर तुझं ठ्यांव ठ्यांव ऐकते मी, तवा तिचं तू जरा ऐकलंस तर तुझे कान झडत न्हाईत.” आणि सणाला पुरणपोळीचं ताट पहिल्यांदा त्याच्याकडे जायचं. त्याच्या ईदची खीर ती आपल्या सोवळ्याओवळ्यापायी खायची नाही, पण वाटी परत पाठवायचीही नाही. मला देऊन टाकायची आणि कशी झाली होती ते विचारून घ्यायची.

मग निजामी अमलाचा तो शेवटचा उन्हाळा आला. तसा उन्हाळा पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. मानवतच्या बाजाराहून येणारी माणसं गाडीतून उतरताना आधी मागे बघायची, मग बोलायची. हत्यारबंद टोळ्या घोड्यांवरून फिरत होत्या, कुठल्या गावची कणगी फोडली, कुठल्या गावाला आग लावली, हे कानात सांगितलं जायचं. पोखर्णीच्या नरसिंहाला जाणारी गाडीवाट ओस पडली. काही घरांतली तरणी माणसं सरहद्दीपलीकडे निघून गेली, माझ्या दिराचाही पत्ता नव्हता. नदीकाठच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या घोड्यांच्या टापा उमटलेल्या दिसायच्या. येणारे कोण, जाणारे कोण, विचारायची सोय नव्हती. आम्ही बायका पाणी आणायलाही घोळक्यानं जायचो.

त्या वैशाखात अक्काला अंडी सापडेनात. वाळवंटात नाहीत, काठावर नाहीत, वरच्या ढेकळांतही नाहीत. टिटव्या होत्या, पण बसत नव्हत्या. सकाळपासून ओरडत हवेतच फिरायच्या, जरा टेकल्या की पुन्हा उठायच्या. अक्का रोज आदल्या दिवसापेक्षा लांब जायची आणि रोज जास्त गप्प होऊन यायची. “लय वंगाळ हाय हे,” एकदा ती पायरीवर बसून म्हणाली. “एवढ्या वर्षांत अशी बिनजागेची बघितली न्हाई मी तिला.”

अंडी सापडली ती मला. ज्येष्ठ लागला होता. कुरडयांची परात घेऊन मी माळवदावर चढले, तर कठड्यापलीकडे, अक्काच्या माळवदाच्या मधोमध, टिटवी बसलेली. माझ्याकडे लाल डोळ्यानं बघत होती, उठली नाही. भोवती बारीक खडे मांडलेले आणि मातीवर ओल. नदीपासून तिथवर ती पोट भिजवून येत होती. मी परात तिथेच ठेवून खाली पळाले. अक्का शिडीवरून वर आली, डोकं तेवढं माळवदावर काढून बराच वेळ बघत राहिली. नंतर तिथेच शिडीवर बसली, उतरायला तिला माझा हात धरावा लागला. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

बातमी गावभर झाली. आमच्याकडे टिटवी घरावर टेकली तर ते घर सोडतात, निदान घराची शांती करून घेतात. अंडी घातली म्हणजे तर घराचं वाटोळंच ठरलेलं. भावकीतली माणसं काठ्या घेऊन अंडी फोडायला आली. अक्का शिडीला पाठ लावून उभी राहिली. “अंडी फोडून पाणी थांबतंय का?” ती म्हणाली. “काठ सोडून, माळ सोडून ती घरावर चढली. कळायलंय का तुमाला किती पाणी यायचंय ते?”

माणसं काठ्या खाली करून तशीच उभी राहिली. त्यांना नुसता अपशकुन दिसला होता. अक्काला त्यात पूर दिसला.

पारावर त्या दिवशी सगळं गाव जमलं. अक्का म्हणाली, आषाढ सरायच्या आत धान्य, गुरं, पोरंबाळं सगळं वरच्या माळावर, जंगमाच्या मठाकडे हलवा. पाटलांनी डोकं धरलं. “अक्का, दिवस कसे हायेत ते बघायलाव ना तुमी? रिकामं गाव दिसलं तर लुटतील. अन् माळावर ना भिंत ना दार. तिथं गाठलं तर काय करायचं?” त्यात खोटं काही नव्हतं. माझे पतीसुद्धा पाटलांच्या बाजूचे होते. अक्का पारावर उठून उभी राहिली. नंतर म्हणाली, “माझी दोन माणसं उशीर केल्यामुळं गेली, पाटील. दुसऱ्यांदा मी बघत बसणार न्हाई. तुमी आला न्हाईत तर मी एकेकाच्या दारात बसंन.” तिच्या शब्दावर आजवर पेरण्या झाल्या होत्या. गाव उठलं.

अंडी उबून पिल्लं निघाली तोवर अक्कानं आपलं घर हलवलं नाही. पिल्लं निघाली त्या सकाळी आई-बाप खाली अंगणात उभे राहून बोलवायला लागले. टिटवी पिल्लाला भरवत नाही आणि उचलतही नाही, त्यानं आपल्या पायानं यावं लागतं. अक्कानं भिंतीच्या कडेनं तुरीचं भूस पसरून ठेवलं होतं. कापसाच्या बोंडाएवढी ती पिल्लं एकामागून एक कडेला आली, थबकली आणि उडी टाकून भुसात पडली. आईनं एक बारीक शीळ घातली तशी जागच्या जागी चिकटून बसली, आम्हाला दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं सगळी ओळीनं गल्लीच्या टोकाकडे, चांदभाईच्या घरामागच्या पडीत गेली. चांदभाई दारात हात जोडून उभा होता, म्हणाला, “माझ्याच नशिबी का?” त्यावर अक्का खूप दिवसांनी हसली.

चांदभाई मात्र माळावर आला नाही. “कुणीतरी गावात दिवा लावाया पायजे,” तो म्हणाला. “अन् माझ्या अंगाला कोण हात लावतंय? नावच पुसतील ना? मी आपला चांद पिंजारी.” अक्कानं त्याची समजूत घातली, रागावली, शेवटी म्हणाली, “बरं राहा. पण ध्यानात ठेव. टिटवी ओरडल पाणी यायच्या आधी. ओरडली की दुसरं काही करू नको, सरळ माझ्या माळवदावर चढ. पाणी एका दमात येत न्हाई, वेळ देतंय. तिथून आमाला हाका मार.” मी तिथेच होते. चांदभाईनं मान डोलावली आणि थट्टेनं म्हणाला, “म्हणजे आता तुमच्या पाखराचंच ऐकायचं.” “ऐक,” अक्का म्हणाली.

माळावरचे दिवस वाईट गेले. मठाची एकच ओवरी, बाकी सगळे पाचटाच्या खोपटांत. चिखल, पोरांना खोकला, चुली पेटायच्या नाहीत. आणि पाण्याचं म्हणाल तर गंगा घाटाच्या खालच्या पायरीलाही लागली नव्हती. पाऊसच बेताचा होता. रोज सकाळी माणसं कड्यावर येऊन नदी बघायची आणि मग अक्काकडे बघायची. कुणी तोंडावर बोललं नाही, पण तिच्या खोपटाशी येणंजाणं कमी झालं. ती दिवसभर नदीकडे तोंड करून बसायची. पाणी यावं अशी वाट बघणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. “येईल गं,” ती मला म्हणायची. “ती खोटं बोलत न्हाई.” शेवटी पाटील म्हणाले, सोमवारी परतायचं. अक्कानं ते ऐकून नुसती मान खाली घातली.

सोमवार उजाडायच्या आधीच, शनिवारी भर दुपारी, गावाकडून धूर उठला.

आधी एक रेघ, मग दुसरी, मग सगळं गाव मिळून एकच काळा ढग. आवाज आला नाही, वारं उलट्या दिशेचं होतं. पुरुषांनी पोरांना मठात कोंडलं, चुलींवर पाणी ओतलं. आम्ही चिखलात पालथे पडून राहिलो आणि धुराकडे बघत राहिलो. घोडे माळाकडे वळले असते तर आज हे लिहायला मी नसते. ते वळले नाहीत. गावात माणूस नाही, दाणा नाही, असं बघून ते आग लावून नदीकाठानं निघून गेले असावेत. दिवस कलल्यावर पाटील आणि चार-पाच जण खाली गेले, त्यांत माझे पती होते. परत आले तेव्हा ते सरळ अक्काच्या खोपटापुढे जाऊन उभे राहिले.

चांदभाई अक्काच्या माळवदावर सापडला होता. गोळी लागलेली. त्याचं घर गल्लीच्या टोकाला, मागे पडीक, पडीकामागे ओढ्यातली शिंदीची झाडी. घोड्यांची चाहूल लागल्यावर तो मागच्या दारानं झाडीत शिरला असता तर कुणाला सापडला नसता. तो तिकडे गेला नाही. भर गल्लीतून पळत येऊन शिडी चढला आणि चहूकडून दिसेल अशा जागी उभा राहिला. माळाकडे तोंड होतं, असं माझे पती म्हणाले.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, “ती ओरडली असल. घोडे आले की ओरडणारच ती. अन् ह्यानं ऐकलं.” मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, “खाली घोडे फिरायले होते म्हणून ती वर चढली. पहिल्यापासून घोड्याचंच सांगायली होती ती. पाणी माझ्या डोक्यात होतं.”

भादव्यात फौजा आल्या, निजामी गेली. गाव पुन्हा उभं राहिलं. गंगा त्या वर्षी पात्राबाहेर आलीच नाही. पण अक्काचं नाव पार परभणीपर्यंत गेलं. टिटवीची अंडी बघून सगळं गाव वाचवणारी बाई म्हणून माणसं तिच्या पाया पडायला यायची. पुढच्या वैशाखात पाटील लुगडं, खण, नारळ घेऊन वाजतगाजत तिच्या दारी आले, बरोबर सगळं गाव. मला वाटलं होतं, मानपानाची एवढी भुकेली बाई, थोडी तरी सुखावेल. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“पाटील, तुमी वाचलाव ते माझ्या चुकीनं,” ती म्हणाली. “अन् चांद मेला तो बी माझ्याच चुकीनं. ह्यात माझं शहाणपण कुठं हाय ते दाखवा, मग नारळ ठेवा.” पाटील खाली वाकले. त्यांनी नारळ तसाच पायरीवर ठेवला, तो तिथेच राहिला. “औंदा अंडी कुठं हायेत?” मागून कुणीतरी विचारलं. “ती तिच्या पोरांसाठी जागा बघती. तुमच्यासाठी न्हाई,” म्हणून अक्कानं दार लावलं. त्यानंतर तिनं कुणालाच पाऊस सांगितला नाही. काठी घेऊन फिरायची, अंडी बघायची, गुराख्यांना लांबून हटकायची, पण पारावर पाय ठेवला नाही.

ती गेली ते काही वर्षांनी, उन्हाळ्यातच. मी तेव्हा शिकून परभणीला मास्तरीण झाले होते, निरोप आला म्हणून धावत गेले. खाटेवर नुसती हाडं उरली होती. चार शेजारणी बसल्या होत्या. दिवस मावळायला आला होता आणि अगदी घराजवळ टिटवी ओरडायला लागली. बायका चपापल्या. एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरी महादेवाचं नाव घ्यायला लागली, आणि सगळ्या मिळून अक्काकडे बघायला लागल्या. मीही, शिकलेली म्हणवत असून, तिच्याकडेच बघितलं. अक्कानं डोळे उघडले.

“लक्ष्मी,” ती म्हणाली, “बाहेर जा. कोण यायलंय ते बघ. मनानं सांगू नको, बघून सांग.”

मी उठून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. चांदभाईच्या पडक्या घरामागच्या पडीत एक गाय वासराला घेऊन चरत आली होती आणि तिच्यासमोर टिटवी पंख पसरून उभी होती. मी परत येऊन सांगितलं, “अक्का, गाय हाय. वासरू हाय संगं.”

“मग हाकल तिला तिथून,” अक्का म्हणाली. मी पुन्हा बाहेर गेले आणि गाय हाकलली.